रोजा, साखर आणि एक थेंब

बोटाला टोचून साखर तपासली तर रोजा तुटतो, असा समज अजून कित्येक घरांत आहे. तो तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. न तपासणे मात्र जिवावर बेतू शकते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. आजाऱ्याला ही सवलत धर्मानेच दिली आहे.

ग्लुकोमीटर घेताना यंत्राआधी पट्टीची किंमत विचारा. पट्टी २० रुपयांची धरली आणि दिवसातून तीनदा तपासले, तर महिन्याला १८०० रुपये होतात. आयएसओ १५१९७:२०१३ हे अचूकतेचे मानक खोक्यावर आहे का, पट्ट्यांची मुदत किती उरली आणि त्या जवळच्या मेडिकलमध्ये नेहमी मिळतात का, हेही पाहा. डबीचे झाकण लगेच लावा. दमट हवेने पट्टी खराब होते. खजूर हाताळला असेल तर हात धुऊन, पुसूनच तपासा; नाहीतर बोटावरचा गोडवा आकड्यात उतरतो.

एकादशी धरणाऱ्या शेजाऱ्यांनाही हाच हिशेब उपयोगी पडेल. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.