जत्रेची गर्दी, बाजाराचं गिऱ्हाईक

लेखमाला : मैदानाबाहेरचा खेळ | लेखांक ७

मागच्या लेखात विश्वचषकाच्या प्रक्षेपणाचा पैसा कुठून येतो ते पाहिलं. आजचा प्रश्न घराजवळचा आहे. विश्वचषकासाठी रात्री जागणारा माणूस स्पर्धा संपल्यावर आपल्या गावच्या संघाचा सामना बघायला जातो का? नगरच्या सावेडीत, केडगावात मेस्सीच्या नावाचा निळा-पांढरा टी-शर्ट घातलेली पोरं सहज दिसतात. त्यातल्या किती जणांनी वाडिया पार्कवर एखादा सामना शिट्टी वाजेपर्यंत उभं राहून पाहिला असेल?

स्पर्धा भरवणारे या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच धरून चालतात. यजमानपद मागताना प्रत्येक देश सांगतो, की यातून खेळ तळागाळात रुजेल. आकडे मात्र सावध बोलतात.

इंग्लंडनं १९६६ मध्ये घरच्या मैदानावर विश्वचषक जिंकला. त्याआधीच्या हंगामात तिथल्या फुटबॉल लीगच्या सामन्यांना एकूण २ कोटी ७२ लाखांच्या आसपास प्रेक्षक आले होते. १९६७-६८ मध्ये हा आकडा ३ कोटींच्या वर गेला. म्हणजे परिणाम झाला, यात वाद नाही. पण १९८५-८६ पर्यंत तोच आकडा जेमतेम १ कोटी ६५ लाखांवर आला होता. मोडकळीला आलेली मैदानं आणि प्रेक्षकांतली हाणामारी यांपुढे वीस वर्षांपूर्वीचा चषक काय करणार?

अमेरिकेत १९९४ च्या विश्वचषकात दर सामन्याला सरासरी ६९ हजारांची गर्दी झाली. त्याच लाटेवर १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली. पहिल्या वर्षी सरासरी १७ हजारांवर प्रेक्षक आले, २००० पर्यंत ती १४ हजारांच्या खाली उतरली आणि २००२ च्या सुरुवातीला दोन संघ बंद करावे लागले. पुढे ही लीग सावरली ती शहरांनी फुटबॉलपुरती बेताची मैदानं बांधली आणि प्रत्येक गावात समर्थकांचे गट उभे राहिले तेव्हा.

जत्रेला लाख माणूस लोटतं, म्हणून त्या गावचा आठवडे बाजार वाढत नाही. जत्रेला माणूस वर्षातून एकदा आणि नटून येतो. बाजाराला तो यायचा तर वार ठरलेला हवा, जागा जवळ हवी आणि ओळखीचं कोणी भेटायला हवं.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईचं आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीनं तीन गोल केले. प्रेक्षक होते २,५६९. तेरा दिवसांनी रशियात विश्वचषक सुरू होणार होता आणि त्याची चर्चा नाक्यानाक्यावर होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं समाजमाध्यमावर एक चित्रफीत टाकली. युरोपातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना त्यानं थेट हाक मारली. आमचा दर्जा तिकडच्यासारखा नाही हे मान्य, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, असा त्याचा सूर होता. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. पावसात भारत ३-० जिंकला आणि त्यातले दोन गोल त्याचेच.

विश्वचषकाच्या हवेनं जे केलं नाही, ते एका माणसाच्या बोलावण्यानं केलं. अर्थात ती गर्दी देशाच्या संघासाठी होती. क्लबसाठी दर पंधरा दिवसांनी घर सोडणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती पुण्यात किती अवघड ठरली ते नगरकरांनी जवळून पाहिलं आहे.

२०१४ चा विश्वचषक जुलैत संपला आणि ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली. १९९८ चा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. त्याच हंगामात आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी होते, पाठोपाठ डीएसके शिवाजियन्स आला. २०१९ पर्यंत या चारपैकी एकही उरला नाही. मालकांनी हिशेब पाहिला आणि कुलूप लावलं. नगरहून बालेवाडी तशीही सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. रात्री आठचा सामना पाहून परत निघालेला माणूस घरी कधी पोचणार? तरीही ज्याचा जीव जडला असेल, त्याच्या हातात शेवटी उरली ती बंद संघाची जर्सी.

शासकीय उत्साहाची गतही फार वेगळी नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' राबवून एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा घाट घातला. शाळाशाळांत चेंडू पोचले. स्पर्धेला देशभरात मिळून १३ लाख ४७ हजार प्रेक्षक आले, त्या वयोगटातला तो विक्रम होता. पण एका दिवसाचा चेंडू दुसऱ्या दिवशी कोणी खेळवायचा? त्यासाठी शिक्षक, मैदान आणि सामन्यांचं वेळापत्रक लागतं. ते वाटता येत नाही.

आता कोल्हापूर बघा. विश्वचषक आला की तिथल्या पेठांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे भले थोरले फलक लागतात, गल्ल्या अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात. बाहेरच्याला वाटतं, विश्वचषकानं या गावाला वेड लावलं. खरं तर उलट आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या भिडत आले आहेत. आजोबा ज्या तालमीचे, नातू त्याच तालमीचा. भांडणंही तिथलीच, कधी कधी नको तितकी. मैदानाची सवय असलेला हा माणूस चार वर्षांनी एकदा जगाचा फुटबॉल बघतो आणि स्वतःची पेठ तिथेही शोधतो. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मेस्सीमुळे कोणी पाटाकडीलचा झाला असेल असं मला वाटत नाही. पाटाकडीलमुळे अर्जेंटिनाचे झालेले मात्र पुष्कळ असतील.

म्हणून माझं मत असं, की मोठी स्पर्धा नवा समर्थक घडवत नाही. ती चार-सहा आठवडे कुतूहल जागवते. त्या दिवसांत जवळ एखादा जिवंत संघ असेल, तर थोडे लोक तिकडे वळतात आणि त्यातले थोडे टिकतात. जवळ काही नसेल, तर कुतूहल पुन्हा टीव्हीत जातं.

नगरकडे यातलं काहीच नाही असं नाही. चिलखती दलाचं आणि यांत्रिकी पायदळाचं अशी लष्कराची दोन मोठी केंद्रं शहराला लागून आहेत, आणि पलटणींनीच हा खेळ हिंदुस्थानभर नेला. मुंबईच्या रोव्हर्स कपची सुरुवातीची वर्षं तर ब्रिटिश पलटणींचीच होती. शहरात वाडिया पार्क आहे, शाळांचे संघ आहेत. नाही ती बातमी. परदेशी क्लबच्या खेळाडूचा गुडघा दुखावला तर आपल्याला कळतं, जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत कोण जिंकलं ते कळत नाही. स्थानिक दैनिकांनी पावसाळ्यातले दोन महिने रोज चार ओळींत निकाल आणि उद्याच्या सामन्यांची वेळ छापली, तरी एखाद्या जाहिरात मोहिमेपेक्षा जास्त काम होईल.

विश्वचषक बहुतेक वेळा जून-जुलैत असतो आणि शाळांच्या सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्याही पावसाळ्यातच होतात. जिल्ह्यात जिंकणारा संघ पुढे विभाग आणि राज्य पातळीवर जातो. तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे मिळतील. यंदा त्या विचारून घ्या आणि घरातल्या टी-शर्टवाल्या पोराला घेऊन एक सामना पूर्ण बघा.