पाच सत्ताधीश, एक चेहरा

न्यूयॉर्कच्या नॅन्सी बर्सनबाईंनी १९८२ साली संगणकावर पाच सत्ताधीशांची छायाचित्रे एकावर एक चढवली. ज्याची अण्वस्त्रे जास्त, त्याचा चेहऱ्यात वाटा जास्त. रेगन ५५ टक्के, ब्रेझनेव्ह ४५. थॅचर, मितराँ आणि डेंग एकेका टक्क्याच्याही आत. आम्ही बँकवाले अशी भारित सरासरी काढून कागद फायलीला लावतो. इथे तिला डोळे-ओठ फुटलेत, आणि दिसते कशी? निवृत्त हेडमास्तरांसारखी! थॅचरबाई तर शोधूनही सापडत नाहीत.

बाईंच्याच तंत्राने पुढे अमेरिकेत हरवलेल्या मुलांचे चेहरे वयाने वाढवले गेले. काही मुले सापडलीही. मला हे काम अधिक मोलाचे वाटते. घरातला शेवटचा फोटो सहा वर्षांच्या बाळाचा, आणि आईपुढे ठेवलेला हा पोरगा मिसरूड फुटलेला.