मळ्याची सेवा आणि मंदिराची सेवा

गुरुविद्यालयातील वर्षांत सृष्टीविषयीची शिकवण आपण सर्वांनी अभ्यासिली आहे. पवित्र शास्त्रातील निर्मितीचे वृत्तांत, संत फ्रान्सिसची वृत्ती, ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण यांवर आपण परीक्षेत उत्तरेही लिहिली. परंतु दीक्षेनंतर धर्मग्रामात पाऊल टाकले की इमारतीची दुरुस्ती, हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी आणि सणांची तयारी यांत ती शिकवण वहीतच राहते. ती आचरणात कशी उतरावी, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम तत्त्व स्पष्ट असावे. उत्पत्ती २:१५ मध्ये देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो, तेव्हा मूळ हिब्रू भाषेत दोन क्रियापदे येतात. ‘आबद’ म्हणजे सेवा करणे, कसणे. ‘शामर’ म्हणजे राखणे. गणना ३:७-८ मध्ये लेवीयांनी निवासमंडपाची सेवा करावी व त्याचे साहित्य राखावे असे सांगताना हीच दोन क्रियापदे योजिली आहेत. मळ्याची सेवा आणि मंदिराची सेवा यांना शास्त्र एकच शब्द वापरते, ही गोष्ट याजकीय सेवेत असणाऱ्यांनी विसरता कामा नये. जमिनीला सातव्या वर्षी विसावा देण्याची आज्ञा (लेवीय २५) आणि वेढ्याच्या वेळीही फळझाडे न तोडण्याची आज्ञा (अनुवाद २०:१९) याच सूत्रात बसतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्याच्या २१४ व्या परिच्छेदात गुरुविद्यालये व प्रशिक्षणगृहे यांच्यावर साध्या, जबाबदार जीवनाचे शिक्षण देण्याची अपेक्षा ठेविली आहे आणि २१७ व्या परिच्छेदात सृष्टीसंबंधीच्या अंतःकरणपरिवर्तनाची गरज सांगितली आहे. परिवर्तन म्हटले म्हणजे तो एका दिवसाचा समारंभ नव्हे. नेमके हेच समजण्यास मला एक वर्ष लागले.

दीक्षेनंतर लवकरच सीमाभागातील एका धर्मग्रामात माझी नेमणूक झाली. पाच जूनला मोठ्या उत्साहाने आम्ही चर्चच्या आवारात शंभर रोपे लाविली. प्रवचन झाले, गीते झाली, छायाचित्रे काढिली गेली. पुढील मे महिन्यात त्यांतील चार रोपे जिवंत होती. काही शेळ्यांनी खाल्ली, बाकीची पाण्यावाचून गेली. एका वृद्ध शेतकरी बाईंनी मला विचारले, “फादर, झाडं लावलीत खरी, पण पाणी कुणाकडं सोपवलं होतं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या पावसाळ्यात आम्ही बाराच रोपे लाविली. प्रत्येकाला काट्यांचे कुंपण घातले आणि प्रत्येकाचे पाणी एकेका कुटुंबाने अंगावर घेतले. त्यांतील नऊ झाडे आज सावली देतात.

मोठ्या प्रमाणावर याच मार्गाचा प्रत्यय फादर हर्मन बाखर यांच्या कार्यात येतो. येशूसंघाचे हे स्विस धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दुष्काळी भागात पाणलोट विकासाच्या कार्यात त्यांनी आयुष्य वेचले. काम माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचे. पाणी आधी डोंगरावर अडवावयाचे, मग शिवारात जिरवावयाचे. त्यासाठी गावाने प्रथम श्रमदान करावे, मोकाट चराई आणि झाडतोड आपण होऊन थांबवावी, असा आग्रह असे. गावाने निर्णय घेतल्यावाचून बांध टिकत नाही; तसेच धर्मग्रामाने निर्णय घेतल्यावाचून धर्मगुरूंचा उत्साह त्यांच्या बदलीबरोबरच गावाबाहेर जातो.

म्हणून आरंभ कोठून करावा? आपल्याच आवारातून. चर्चच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी कोठे जाते? विहीर कोणत्या महिन्यात आटते? केरकचरा कोठे जाळला जातो? धर्मग्राम समितीच्या एका बैठकीत हे तीन प्रश्न घ्यावेत आणि एकाच कामाचा निर्णय करून ते काम कोणाकडे आहे हे नोंदवावे.

दुसरे, उपासनावर्षाचा उपयोग करावा. एक सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने १९८९ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये नेमिला. तेव्हापासून चार ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ पाळला जातो. गोव्यात ऑगस्टमध्ये नव्या भाताची कणसे आशीर्वादित करण्याची जुनी चाल आहे. आपल्या शिवारातील पिकाला अनुसरून तसा विधी इतरत्रही योजिता येईल.

तिसरे काम धर्मशिक्षकांचे. स्नानसंस्काराचा पाठ शिकविताना मुलांना गावच्या पाणवठ्यावर न्यावे. जे पाणी आपण संस्कारासाठी पवित्र मानितो, तेच ओढ्यात घाण कसे चालेल, हा प्रश्न मुलेच घरी नेतील.

एक सावधगिरी मात्र हवी. सरपणावर चूल पेटविणाऱ्या बाईला झाड तोडू नकोस असे सांगणे सोपे आहे. तिला दुसरा मार्ग दाखविल्यावाचून ते सांगणे न्यायाचे नाही. सृष्टीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकावा लागतो. तो ऐकून पुढच्या मे महिन्यात एकेका रोपाला पाणी घालणारे हात आपल्या धर्मग्रामात तयार झाले, तर वहीतील शिकवण जमिनीत रुजली असे समजावे.