हॅलोवीनची रात्र

ऑक्टोबरच्या ३१ तारखेस सायंकाळीं अमेरिकेंत घरोघरच्या पायऱ्यांवर कोरलेल्या भोपळ्यांत दिवे लागतात, आणि भुताखेतांचीं सोंगें घेतलेलीं मुलें दारोदार खाऊ मागत हिंडतात. हा हॅलोवीनचा सण आतां मुंबई-पुण्याच्या दुकानांतूनहि डोकावूं लागला आहे. ख्रिस्ती देशांत भुतांचा सण कसा, असें कित्येक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्या रात्रीचा इतिहास येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम नांव पाहूं. जुन्या इंग्रजींत ‘हॅलो’ म्हणजे संत व ‘ईव्हन’ म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. त्याची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. नांवांत भूत कोठेंच नाहीं.

मग भुतें आलीं कोठून? पुष्कळांचें उत्तर असें कीं, आयर्लंड व स्कॉटलंड येथील गेलिक लोक याच सुमारास ‘साउइन’ नांवाचा सण पाळीत, आणि धर्माधिकाऱ्यांनीं त्याच तिथीवर आपला सण बसविला. साउइन होता यांत संशय नाहीं. उन्हाळी कुरणांतून गुरें घरीं आणण्याचा तो काळ. त्या रात्रीं टेकड्यांच्या पोटांतील अद्भुत लोकांचीं द्वारें उघडतात, अशा कथा आयर्लंडच्या मध्ययुगीन वाङ्मयांत आहेत. परंतु उत्तराचा उत्तरार्ध आम्हांस पटत नाहीं. आयर्लंडांतील प्राचीन ख्रिस्ती मंडळी सर्व संतांचा सण २० एप्रिल रोजीं पाळीत असे! नोव्हेंबरची तिथि प्रथम इंग्लंड व जर्मनीकडे रूढ झाली, आणि ८३५ सालीं सम्राट् लुई यानें ती फ्रँक राज्यांत सर्वत्र लागू केली.

मृतांशीं या दिवसांचा संबंध दृढ झाला तो पुढें. फ्रान्समधील क्लूनी मठाचा अधिपति ओडिलो यानें इ. स. १००० च्या सुमारास आपल्या मठांतून २ नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठीं प्रार्थनेचा दिवस ठरविला, आणि ती चाल युरोपभर पसरली. इंग्लंडांत या दिवसांत गोरगरीब दारोदार जात. घरधनीण त्यांस ‘सोल-केक’, म्हणजे मृतांच्या नांवाची लहान गोड पोळी देई, आणि ते त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत. शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकांत अशा याचकाच्या रडक्या स्वराचा उल्लेख आहे. हा व्यवहार आम्हांस मोठा हृद्य वाटतो, कारण घेणाऱ्यापाशींहि देण्यासारखें कांहीं होतें.

१६ व्या शतकांतील धर्मसुधारणेनें शुद्धिस्थानाची शिकवण नाकारली आणि मृतांसाठीं करावयाच्या प्रार्थना बंद पडल्या. तरी चेशायर व श्रॉपशायर येथील मुलें १९ व्या शतकांतहि पोळी मागत फिरत. प्रार्थना गेली, मागणें राहिलें. स्कॉटलंडांत ही रात्र भविष्य पाहण्याची झाली. तरुणतरुणींच्या नांवें दोन कठीण कवचाचीं फळें विस्तवांत ठेवीत. तीं शांतपणें जळलीं तर संसार सुखाचा, एखादें उडालें तर आशा सोडावी! रॉबर्ट बर्न्स यानें १७८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या काव्यांत हे खेळ वर्णिले आहेत. तेथें सोंगें घेऊन येणाऱ्या मुलांना मात्र गाणें म्हणून दाखविल्यावांचून सफरचंद मिळत नसे. प्रार्थनेची जागा गाण्यानें घेतली होती.

१८४५ ते १८५२ च्या भयंकर दुष्काळांत दहा लाखांहून अधिक लोक आयर्लंड सोडून गेले; त्यांतील बहुतेक अमेरिकेस पोंचले. मायदेशीं ते सलगम कोरून दिवा करीत. येथें त्यांस भोपळा सांपडला, आणि तो कोरण्यास फार सोपा. पुढें मात्र अमेरिकेंत या रात्रीं फाटकें उपटून नेणें, खिडक्या फोडणें असा धुमाकूळ माजला. तेव्हां खाऊ देऊन मुलांना शांत ठेवण्याची युक्ति निघाली. ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या, नाहीं तर खोडी काढूं, हे शब्द १९२० नंतरच्या दशकांत कॅनडाच्या वृत्तपत्रांतून आढळतात. गाण्याच्या जागीं आतां धमकी आली, गोड असली तरी धमकीच!

१९५० सालीं फिलाडेल्फिया येथील कांहीं मुलांनीं या फेरींत दुधाचे रिकामे डबे पुढें करून, जगांतील गरजू मुलांकरितां नाणीं मागितलीं. ‘युनिसेफ’साठीं चाललेली ती प्रथा पुढें पुष्कळ पसरली.

आपल्याकडे वसई, गोवा व मुंबई येथील कॅथॉलिक कुटुंबें २ नोव्हेंबर जुन्याच रीतीनें पाळतात. कबरी स्वच्छ करून त्यांवर फुलें वाहतात, मेणबत्त्या लावितात, आणि धर्मगुरु कबरींमधून फिरून आशीर्वाद देतात. वारा सुटला कीं मुलें ओंजळीनें ज्योत झांकून धरतात.