गिरणी पाडताना घ्यावयाची छायाचित्रे

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावातील गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. विकास नियमावलीत २००१ साली झालेला बदल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली वैध ठरविला आणि पाडकामाचा मार्ग मोकळा झाला. जमिनीची वाटणी आणि कामगारांची घरे यांवर पुष्कळ वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. त्या वादात इमारतींची नोंद ठेवण्याचा प्रश्न मात्र मागे पडला. काही छायाचित्रकारांनी पदरमोड करून चित्रे घेतली खरी, पण हे काम हौसेवर सोडण्याजोगे नव्हे.

अमेरिकेत औद्योगिक वास्तूंची छायाचित्रे व मोजणीचे आराखडे सरकारी योजनेखाली १९६९ पासून जतन केले जातात. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने खाणींचे मनोरे, वायूच्या टाक्या यांची चित्रे वर्षानुवर्षे ढगाळ उजेडात, समोरून घेतली. (१९९० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, तेही शिल्पकलेचे!)

सूतकताईसाठी अनेक मजली इमारत आणि विणाईसाठी बैठी शेड, अशी गिरणीची सर्वसाधारण रचना असे. मागांचे हादरे जमिनीनेच पेलावयाचे. उजेड एकसारखा पडावा, पण ऊन येऊ नये, म्हणून शेडच्या छपराला करवतीसारखे दाते ठेवून काचा उत्तरेकडे बसवीत. हे सारे उभ्या इमारतीच्या चित्रात येते. परंतु भिंतीची जाडी किती, बिडाच्या खांबावर तुळई कशी टेकवली आहे, हे इमारत धडधाकट असताना दिसत नाही. अर्धी भिंत गेली की इमारतीचा उभा छेद काही दिवस उघडा पडतो. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज येण्यापूर्वी वाफेच्या इंजिनाची शक्ती दोरखंडांनी आणि पट्ट्यांनी मजल्यामजल्यावर नेली जाई. त्या व्यवस्थेची बुजवलेली भोके सापडलीच तर अशा वेळी सापडणार. पुढे उरतो तो राडारोडा.

काही आवारांत जुन्या इमारती अद्याप उभ्या आहेत. त्या पाडण्याचा परवाना देतानाच महापालिकेने अट घालावी की, काम सुरू होण्यापूर्वी आठ दिवस आणि ते चालू असताना रोज तासभर छायाचित्रकारास प्रवेश मिळेल. मालकांना याचा खर्च जाणवणारही नाही.

बेखर यांच्या चित्रांत माणूस जवळजवळ नसतो. गिरणगावाला ते पुरणार नाही. छायाचित्रकारासोबत त्याच गिरणीतला एखादा साचेवाला हवा. त्रासन खाते कोठे होते, कोणत्या दाराने पाळी सुटे, हे तोच सांगू शकेल. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे.