ग्रीन टी आणि आमवात : उंदरांना गुण आला, आपलं काय?



गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक मेसेज चार वेळा फिरला. भोपाळला गोविंदपुऱ्यात, भेलच्या कारखान्याच्या बाजूला राहणाऱ्या कुणा पाहुण्यांकडून तो आला म्हणे. "रोज ग्रीन टी प्या, आमवात मुळापासून जाईल, गोळ्या बंद करा." यातलं ग्रीन टीचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. शेवटचे तीन शब्द मात्र घात करणारे आहेत, आणि आपल्यातल्या दोन-तीन घरांत ते ऐकलेही गेलेत. म्हणून हे लिहितोय.

आधी दुखणं कुठलं ते बघू. जाळं ओढून खांदा भरतो, बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या बायकांची बोटं आखडतात, वयानं गुडघे कुरकुरतात. हे सगळं आमवात नाही. पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन ठणकला तर तो बहुधा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा त्रास. चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे धरतात तेही वेगळं. आमवातात आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजतात, बांगडी चढत नाही, सकाळी उठल्यावर तासभर तरी मूठ वळत नाही, आणि काम केलं की उलट थोडं मोकळं वाटतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा दोन-तीन पट जास्त. सूज सहा आठवडे टिकली तर डॉक्टर गाठायचाच. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी अशा रक्ताच्या तपासण्या असतात.

हा शहरातला आजार, असं कुणी म्हणेल. तर उजनीच्या पाण्याकाठचं भिगवण आठवा, जिथली गोड्या पाण्यातली मासळी पुण्यापर्यंत जाते. तिथं 1996 मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन चार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली. साधारण शंभरातल्या अठरा जणांना हाडा-सांध्यांची काही ना काही दुखणी निघाली. खरा आमवात दर हजारात पाचेक जणांना. आकडा लहान दिसतो, पण आपल्या बंदरावरची माणसं मोजा म्हणजे कळेल.

आता ग्रीन टी. तो आणि आपला नेहमीचा चहा एकाच झाडाचा. आपल्या चहाची पानं मळून हवेवर काळी पडू देतात, त्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं बरीचशी बदलून जातात. ग्रीन टीची पानं लगेच वाफेवर किंवा कढईत तापवतात, म्हणून ती टिकतात. त्यातलं मुख्य द्रव्य ईजीसीजी.

1999 मध्ये अमेरिकेत तारिक हक्की आणि सहकाऱ्यांनी ही द्रव्यं पाण्यातून उंदरांना पाजली आणि मग त्यांच्यात मुद्दाम संधिवात निर्माण केला. साधं पाणी प्यायलेल्या 18 पैकी 17 उंदरांना संधिवात झाला, चहाचं पाणी प्यायलेल्या 18 पैकी 8 जणांना. पुढे 2016 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सलाहुद्दीन अहमद यांच्या गटानं दाखवलं की ईजीसीजी पेशीतल्या टीएके1 या प्रथिनाला अडवतं. सूज वाढवण्याचा निरोप या प्रथिनावरून पुढे जातो. निरोपच अडला की पुढचा गोंधळ कमी होतो. आमवात झालेल्या उंदरांना दहा दिवस ईजीसीजी दिलं तर घोट्याची सूज स्पष्ट उतरली.

पण उंदीर आणि नाखवा यात फरक आहे! ईजीसीजी आपल्या पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. पेशींवर प्रयोगशाळेत जेवढं वापरतात तेवढं कपभर चहातून सांध्यापर्यंत पोचतच नाही. माणसांवर झालेले अभ्यास लहान आहेत, आणि त्यांच्या जोरावर कुठलाही डॉक्टर ग्रीन टीला औषध म्हणून लिहून देत नाही. यातून पुढं कधी औषध निघेलही. आज ते नाही.

मग कुणी म्हणतं, चहा कमी पडतो तर अर्काच्या कॅप्सूल घेऊ. इथं सावध राहा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं तर यकृताला इजा होत असल्याची चिन्हं रक्तात दिसतात. आमवातावरची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट, तिच्यासाठीही यकृतावर लक्ष ठेवावंच लागतं. दोन्ही एकत्र म्हणजे एकाच होडीत दुप्पट ओझं. वर दारू असेल तर बोलायलाच नको. साधा दोन-तीन कप चहा बहुतेकांना चालतो. फक्त जेवणाला लागून नको, अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि आमवाताच्या बायकांत रक्त आधीच कमी असतं. तासाभराचं अंतर ठेवा. गोळ्या पाण्याबरोबरच घ्या.

आपली तारली आणि बांगडा यांच्यात ओमेगा-3 तेल असतं. आमवातात माशाच्या तेलानं सांध्यांचं दुखणं थोडं कमी झाल्याचं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलंय. अर्थात मात्रा मोठी होती, ताटातल्या दोन तुकड्यांइतकी नाही. गाऊट असेल त्यांनी मात्र तारली-बांगडा जपूनच.

बाजारात "एका दिवसात आराम" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. आराम पडतो, पण साखर चढते, हाडं पोखरतात.

मेथोट्रेक्सेटबद्दल बोटीवरच्यांसाठी एक गोष्ट. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. आठ-दहा दिवसांची फेरी असेल तर वार ठरवा, तांडेलाला सांगून ठेवा, आणि फेरीत लागतील तेवढ्याच गोळ्या वेगळ्या डबीत वार लिहून न्या. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मूल हवं असेल तर बाईनं ही औषधं सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगायचं. ज्यांनी मेसेज वाचून गोळ्या थांबवल्यात, त्यांनी पुढच्या फेरीची वाट न बघता आधी आपल्या डॉक्टरांना फोन लावावा.