पाटा, फाळका आणि पासिंग

नवी पिकअप शोरूममधून बाहेर पडते, देवळापुढं नारळ फुटतो, आणि दोन-तीन दिवसांत ती वेल्डरच्या दारात उभी राहते. कराड भागात हे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. कंपनीनं दिलेली ती निम्मी गाडी. उरलेली निम्मी कशी व्हायची, ते मालकाच्या धंद्यावर ठरतं. आल्याची पोती वाहणाऱ्याला हौद्यात जाड पत्रा लागतो, कोंबड्यावाल्याला खुराड्यांसाठी उंच सांगाडा लागतो, आणि म्हशी नेणाऱ्याला फाळका असा लागतो की खाली पाडला की त्यावरूनच जनावर वर चढावं. अमेरिकेत, थायलंडमध्ये पिकअप हौसेनं सजवतात म्हणे. आपल्याकडं हौस मागाहून आली, आधी आलं ते ओझं.

याची सुरुवात पिकअपच्याही आधीची, जीपपासूनची. महिंद्रानं 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. ती पेट्रोलवर चालायची. पुढं पेट्रोल परवडेनासं झालं, तेव्हा इंजिन उतरवून डिझेल चढवायची लाट आली. ऐकायला सोपं वाटतं, पण नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला आपणहून बसत नाही. मधे लोखंडी प्लेट लागते, ती लेथवर केसाइतकी अचूक कातावी लागते, नाहीतर क्लच धरत नाही आणि बेअरिंग महिन्यात वाजू लागतं. ही प्लेट कातणारी माणसं कोल्हापूरच्या उद्यमनगरात होती, तशी आपल्या पट्ट्यातही होती. 1910 साली माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी आणि कराडला लागून असलेली ओगलेवाडी, या दोन्ही ठिकाणच्या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या घरांत फिटर आणि टर्नर तयार केले. कंदील आणि काचसामान बनवणारा ओगल्यांचा कारखाना केव्हाच बंद पडला. हातातली विद्या मात्र गॅरेजांत उतरली, असं मला वाटतं. गॅरेजवाल्यांना मात्र हे सांगून पाहा, ते हसतील.

मग आलं वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक. एसटी जिथं दिवसातून दोनदा जायची, त्या ढेबेवाडी-पाटणच्या वाटांवर जीप आणि पुढं ट्रॅक्स धावू लागल्या. मागं समोरासमोर बाकडी, टपावर कॅरिअर, मागच्या बंपरला उभं राहायला पायरी. पायरी कंपनीची नव्हे, कोपऱ्यावरच्या वेल्डरची. या गाड्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांचं मागचं अंग कापून तिथं हौदा बसायचा आणि वडाप शेतमालाला लागायचं. कागदावर गाडी कोण होती आणि रस्त्यावर कोण झाली, हे फारसं कुणी विचारत नसे.

टाटाची 407 आली 1986 साली, आणि 2005 साली छोटा हत्ती. जेमतेम 700 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टनाची क्षमता. ज्यानं कधी चारचाकी घेतली नसती, त्या माणसाच्या दारात ती उभी राहिली. बोलेरो पिकअपनं मात्र खरा ताबा घेतला. अडीच लिटरचं डीआय इंजिन, पोलादी चेसिस, आणि मागं बाक दिलेल्या पाट्यांचा जुडगा. तो जुडगा पाहिला की इथल्या माणसाचा हात शिवशिवतोच.

पाटा चढवणं हे या सगळ्या कामांतलं मुख्य काम. मागचं चाक जॅकवर घ्यायचं, यू बोल्ट सोडायचे, मधला सेंटर बोल्ट काढायचा, की पाटे पत्त्यांसारखे सुटे होतात. मधे एक-दोन जादा पाटे घालायचे, तेही बऱ्याचदा भंगारातल्या मोठ्या गाडीचे, लांबी कापून आणि घणानं ठोकून बाक जुळवलेले. पुन्हा आवळायचं. गाडी मागून चार बोटं उचलते आणि दोन टन भरले तरी बसत नाही. मालक खूश.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पिकअपच्या मागच्या ब्रेकला एक झडप असते, तिची दांडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली. माल भरला की चेसिस खाली येते, दांडी हलते, आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी घसरू नये. जादा पाट्यांनी गाडी उंचच राहिली, तर झडपेच्या हिशेबी हौदा कायम रिकामा. दोन टन माल घेऊन कुंभार्ली घाट उतरताना मागचा ब्रेक मग अर्ध्याच ताकदीनं लागतो, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. जाणता मेकॅनिक पाटे चढवल्यावर दांडीची लांबी नव्यानं लावून देतो. सगळेच जाणते नसतात, आणि दांडी कशाची हे विचारणारे मालक त्याहून कमी.

पाण्याच्या टाकीचं असंच. माण-खटाव, आटपाडीकडं टंचाईत दोन हजार लिटरची काळी टाकी हौद्यात बांधून पिकअप फिरतात. दोन हजार लिटर म्हणजे सरळ दोन टन, आणि गाडी पासिंगला दीड टनाची. त्यातही टाकी अर्धी असली तर जास्त धोका. वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं. गणपतीत त्याच हौद्यावर डॉल्बीच्या भिंती चढायच्या, सोबत जनरेटर. डॉल्बीमुक्तीच्या मोहिमांनी ती हौस बरीच आवरली. मला तिचं दुःख नाही.

कायदा आधीपासून होताच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम नोंदणीतल्या तपशिलात बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लावली. त्याआधी 2017 अखेर पुढच्या जाडजूड गार्डांवर बंदी आली होती. ब्रेक आणि पाट्यांबाबत कायदा रास्तच आहे. हौद्यावरच्या जाळीलाही त्याच मापानं मोजणं मला कधी पटलं नाही.

नेमक्या याच पेचाचा एक गाजलेला दाखला इथलाच. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, कडेगाव तालुका. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून साधारण 60,000 रुपयांत जीपच्या तोंडवळ्याची एक छोटी चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारून ती चालू व्हायची, आणि स्टिअरिंग डावीकडं होतं. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत पसरली. आनंद महिंद्रांनी जिद्दीचं कौतुक केलं आणि सोबत हेही लिहिलं की ती नियमांत बसत नसल्यानं आज ना उद्या अडवली जाईल, तेव्हा बदल्यात बोलेरो घ्या. पुढच्याच महिन्यात लोहारांच्या घरी नवी बोलेरो आली. गाडीच्या बदल्यात गाडी हा सौदा प्रेमळ होता, पण त्यातला व्यवहारही तितकाच चोख होता.

दरम्यान कंपन्यांनी इथल्या वेल्डरच्या शेडकडून शिकून घेतलं म्हणा, किंवा बाजार ओळखला म्हणा. सव्वा टन, दीड टन, 1.7 टन अशा पिकअप आल्या, हौदे लांबले, पाटे जाड झाले. एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 निकष आले. पूर्वी मायको पंपाचा स्क्रू पिळला की जोर वाढायचा आणि मागं काळा धूर निघायचा. आता डिझेल किती जायचं हे संगणक ठरवतो आणि धूर गाळायला नळकांड्यात फिल्टर बसलाय.

पासिंगची गंमत उरली आहेच. नव्या मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दर वर्षी फिटनेस. त्याच्या आदल्या आठवड्यात जादा पाटे निघतात, स्टिकर लागतात, दिव्यांचे रंग सभ्य होतात. मग महिन्याभरात सगळं परत जागेवर. शेडमध्ये एक नवी सवय मात्र पक्की झालीय. हौद्याला पत्रा मारायच्या आधी वेल्डर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढतो. वायर न काढता झाळलं आणि संगणक जळला, तर त्याची किंमत पत्र्याच्या बिलाच्या कितीतरी पट भरते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.